दळणाऱ्या बाईचं नाव

पावसाळ्यातल्या शनिवारी घरी बसून प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जुनी पुस्तकं चाळायची, हा माझा जुना उद्योग. घरचे त्याला रद्दी वेचणं म्हणतात. अशीच रद्दी वेचताना आपल्या नागपूरशी घट्ट संबंध असलेलं एक भलंमोठं पुस्तक हाती लागलं (हाती म्हणजे स्क्रीनवर). नाव 'द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया'. चार जाडजूड खंड, १९१६ साली लंडनच्या मॅकमिलनने छापलेले. लेखक आर. व्ही. रसेल, सहाय्यक रायबहादूर हिरालाल.

मजकूर वाचायला घेतला आणि थोड्या पानांत कंटाळलो. अमुक जातीचे लोक असे असतात, तमुक जातीचे तसे असतात, असली ठोक विधानं किती वाचणार? पण मधे मधे फोटो आहेत. ते बघत बसलो आणि संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही.

फोटो कसले आहेत? राजेरजवाड्यांचे नाहीत. चाकावर बसलेला कुंभार. मुंडावळ्या-बाशिंगं बांधलेले नवरानवरी. मोटेने पाणी ओढणारे बैल. ढोल घेऊन उभे असलेले मांग वाजंत्री. पोरं कुशीला झोळीत बांधलेल्या मजूर बायका. खेळणाऱ्या लहान मुली. भात कांडणाऱ्या, गहू दळणाऱ्या बायका. पोळ्यासाठी केलेली जनावरांची चित्रं आणि पोळ्याच्या दिवसांत गेड्यांवर चढलेली पोरं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आपल्या भागातल्या गरीब माणसांचं रोजचं जगणं इतकं एका जागी क्वचितच बघायला मिळतं.

मग मी एक खास इंजिनिअरी उद्योग केला. चारही खंडांमधली चित्रांची यादी एका फाईलमध्ये घेतली आणि कुणाकुणाची नावं दिली आहेत ते बघायला लागलो. जात आहे. जमात आहे. काम आहे, सण आहे, काही ठिकाणी जिल्हा आहे. माणसाचं नाव नाही. देवादिकांची नावं आहेत. बिंबाजी भोसल्यांच्या पुतळ्याचा फोटो आहे, तिथे बिंबाजींचं नाव आहे. आणि खराखुरा साधा माणूस, ज्याला नावानिशी जागा मिळाली आहे, तो आहे तंट्या भिल्ल. १८८९ साली जबलपूरला फाशी गेलेला. त्याची ओळख काय लिहिली आहे? 'प्रसिद्ध दरोडेखोर'. म्हणजे या पुस्तकात गरिबाला आपलं नाव हवं असेल तर दरोडे घालायला हवेत.

एक फोटो डोक्यातून जात नाही. ओळ एवढीच, की गोंड बायका धान्य दळताहेत. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे. पण आधी ते पुस्तक झालं कसं ते सांगतो.

१८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. प्रांत केवढा, तर इकडे चांद्यापासून तिकडे मंडला, जबलपूर, सागरपर्यंत. पलीकडे छत्तीसगड. यातले निम्मे मुलूख नागपूरच्या साहेबांना नीट माहीतसुद्धा नव्हते. राज्य करायचं तर रयत कोण आहे ते कळायला हवं, म्हणून मोजणी सुरू झाली. १९०१ साली देशभर 'एथ्नोग्राफिक सर्व्हे' सुरू झाला. मध्य प्रांतात त्याच वर्षीच्या जनगणनेचं काम ज्या रसेलने बघितलं होतं, त्याच्याकडेच हेही काम आलं. हिरालाल कटनीचे. एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर. शिलालेखांचे जाणकार. प्रांतातल्या कोरीव लेखांची त्यांची सूची आजही अभ्यासक वापरतात, आणि तीही १९१६ सालीच नागपुरात निघाली. मला तर वाटतं की चार खंडांतली अर्धी अधिक माहिती हिरालाल आणि त्यांच्यासारख्या देशी माणसांनीच गोळा केली असणार. गोऱ्या साहेबाला गावातली बाई घरातल्या गोष्टी काय सांगणार? पण मुखपृष्ठावर ते 'सहाय्यक'.

एक चमत्कारिक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. रसेलने आपलं छापील पुस्तक बहुधा बघितलंच नाही. ३० डिसेंबर १९१५ ला 'पर्शिया' नावाची बोट क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली, त्यात तो गेला. त्याच्या आधी नागपूरकडच्या आदिवासींवर सगळ्यात जास्त काम केलं होतं ते पाद्री स्टीफन हिस्लॉपने. हो, तेच हिस्लॉप कॉलेजवाले. ते १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांची टिपणं रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापली. असो.

आता हे फोटो काढले कसे जात असतील? आपण वीकेंडला कार काढतो, तसं त्या काळी साहेबाचा 'दौरा' असायचा. दिवाळीनंतर थंडी पडली की साहेब मुख्यालय सोडून बाहेर पडायचा. तंबू, खानसामा, कारकून, पट्टेवाले, बैलगाड्या. एका गावाला मुक्काम, मग दुसऱ्या. गावाने लाकूडफाटा, दूध, कोंबड्या, गाड्या पुरवायच्या. वेठबेगार हा शब्द आपण शाळेत वाचला, ती ही. अशा दौऱ्यात कॅमेरा बरोबर असे. आणि समजा साहेबाला दळणाऱ्या बाईचा फोटो हवा झाला, तर तो स्वतः जाऊन 'बाई, फोटो काढू का?' असं विचारत नसणार. तो कोतवालाला सांगणार, कोतवाल मालगुजाराच्या वाड्यावर, तिथून निरोप बाईच्या घरी. आता त्या बाईने नाही म्हणायचं म्हणजे कुणाकुणाला नाही म्हणायचं?

रसेलच्या आधीची गोष्ट तर याहून उघडीनागडी. १८६६-६७ साली जबलपूरला मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यात कापूस, धान्य, अवजारं यांच्याबरोबर आदिवासी माणसंही आणली होती. त्यांची तपासणी करायला समिती बसली, तिचा अहवाल आहे. त्या अहवालाच्या शीर्षकातच या माणसांना 'स्पेसिमेन' म्हटलंय. नमुने! कापसाचे नमुने, तसे माणसांचे.

त्याच सुमारास लंडनमध्ये 'द पीपल ऑफ इंडिया' ही मालिका निघाली. १८६८ ते १८७५, आठ खंड, साडेचारशेच्या वर फोटो. आणि त्याआधी विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ साली. त्याची गंमत म्हणजे माणसांचे फोटो एकीकडे काढायचे, मागचा देखावा दुसरीकडचा घ्यायचा आणि दोन्ही जोडून एक चित्र करायचं. म्हणजे फोटोशॉपच्या सव्वाशे वर्षं आधीचं फोटोशॉप. ही जॉन्सनची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्यांत माझ्या डोक्यात बसला तो विलोबी हूपर नावाचा लष्करी अधिकारी. 'पीपल ऑफ इंडिया'मध्ये त्याचेही फोटो आहेत. १८७६-७८ च्या मद्रासच्या दुष्काळात त्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीत बसवून, नीट मांडणी करून फोटो काढले. त्यावर इंग्लंडातल्याच 'पंच'ने त्याची टर उडवली. पुढे १८८६ साली मंडालेत कैद्यांना गोळ्या घालताना नेमक्या त्या क्षणाचा फोटो मिळावा म्हणून त्याने खटपट केल्याचा बोभाटा झाला आणि चौकशी बसली. कंपोझिशनचा एवढा ध्यास! मी हसत होतो आणि एकदम थांबलो. कारण 'जरा इकडे वळा, उजेड येतोय' हे वाक्य मीही कितीतरी वेळा कितीतरी गावांत म्हटलंय.

आता उजेडाबद्दलच बोलू. कारण त्या दळणाऱ्या बायकांचं गुपित उजेडातच आहे.

दळण कधी दळतात? आजीला विचारा. पहाटे. कोंबडा आरवायच्या आधी, घरातले पुरुष आणि पोरं झोपलेली असताना, अंधारात किंवा चिमणीच्या उजेडात. दिवस उजाडला की शेत, पाणी, शेण, पोरं. दळायला वेळ कुठला? आणि ते दळायचं घराच्या आत, कोपऱ्यात रोवलेल्या जात्यावर. जातं म्हणजे काही इकडून तिकडे हलवायची वस्तू नाही. त्या काळातला कॅमेरा अशा अंधाऱ्या झोपडीत जवळजवळ आंधळाच. काचेच्या पट्टीवर चित्र उमटायचं, त्याला भरपूर ऊन लागायचं. फ्लॅश पावडर होती, पण ती भडकन पेटवायची, धूर व्हायचा. गवताच्या छपराखाली ती कोण पेटवेल?

म्हणजे दळणाचा फोटो घ्यायचा तर दळण उन्हात करायला लावायचं. ज्या कामाची वेळ पहाट, ते भर दिवसा. जे एकटीने किंवा जावेबरोबर करायचं, ते सगळ्या गावासमोर. पट्टेवाला उभा, पोरं जमलेली. दळणाबरोबर येतात त्या ओव्या अर्थातच बंद. हा माझा अंदाज आहे हे कबूल करतो, पण एकदा डोक्यात आल्यावर त्या पुस्तकातला एकही घरकामाचा फोटो मला आधीसारखा बघता येईना. भात कांडणं, दळणं, पाखडणं. सगळं लख्ख उन्हात. आपण म्हणतो की हे शंभर वर्षांपूर्वीचं 'रोजचं जगणं'. खरं म्हणजे ते रोजच्या जगण्याचं नाटक आहे, साहेबाच्या दौऱ्यात एकदाच झालेलं, आणि त्या बाईंचा दिवसाचा रोज बुडवून.

सगळेच फोटो असे आहेत असंही नाही. गेड्यांवर चढलेल्या त्या पोरांना कुणी बळजबरी केली असेल असं मला वाटत नाही. पोळा संपल्यावर त्या गेड्या पाण्यात टाकून देतात, त्याचाही फोटो आहे. नागपुरात तान्हा पोळा बघितलेल्या कुणालाही सांगायला नको, की कॅमेरा दिसल्यावर पोरं काय करतात. हा एक फोटो त्या पोरांनी साहेबाला काढायला लावला असणार. पण पोरांना फोटो मिळाला नाही. तो लंडनला गेला, छापला गेला आणि महाग किमतीच्या चार खंडांत बांधून पुन्हा नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांत आला. गेडीवरच्या पोराच्या घरी नाही.

असं फक्त इंग्रजांनी आपल्याशी केलं असंही नाही, बरं का. १९३६ साली डोरोथिया लँग या अमेरिकन बाईंनी कॅलिफोर्नियात निपोमो इथे शेतमजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. चिंतेत बुडालेली आई, खांद्यावर तोंड लपवलेली मुलं. 'मायग्रंट मदर'. जगातला सगळ्यात जास्त छापला गेलेला गरिबीचा फोटो असेल तो. लँगबाईंनी त्या आईला नाव विचारलंच नव्हतं. ते जगाला कळलं १९७८ साली. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. बेचाळीस वर्षांनी! आणि थॉम्पसनबाईंचं म्हणणं काय, तर या फोटोतून आपल्याला काही मिळालं नाही. लँगबाईंनाही त्यातून वेगळे पैसे मिळाले नव्हते, तो सरकारी कामाचा फोटो होता. त्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही, त्या तळावर नंतर सरकारी मदतही पोचली. पण तोवर ही आई पुढच्या गावाला गेली होती.

मग दौरा न करता तिथेच राहिलं तर? हे करून बघितलेला माणूसही आपल्याच प्रांतातला. व्हेरियर एल्विन. ऑक्सफर्डहून पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, गांधीजींच्या नादी लागला. नागपूरच्या बिशपने परवाना नाकारला तेव्हा १९३२ साली शामराव हिवाळे या मराठी मित्राला घेऊन मंडला जिल्ह्यात करंजियाला जाऊन राहिला. गोंड-बैगांमध्ये आयुष्याची कित्येक वर्षं काढली, ढीगभर पुस्तकं लिहिली, उत्तम फोटो काढले. बैगांवरच्या पुस्तकात त्याने माणसांना आपापली कहाणी सांगू दिली. रसेलच्या मानाने केवढी मोठी उडी! १९४० साली त्याने कोसी या गोंड मुलीशी लग्न केलं. १९४९ साली घटस्फोट झाला. आणि १९६४ साली जे आत्मचरित्र आलं, त्यात कोसीची बोळवण जेमतेम काही ओळींत. कोसी त्यानंतर २०१० पर्यंत जगल्या, हलाखीत. त्यांच्याकडे बाहेरून माणसं यायची ती एल्विनबद्दल विचारायला आणि फोटो काढायला. वर्षानुवर्षं शेजारी राहून, नाव माहीत असूनही असं होऊ शकतं. त्यामुळे 'जास्त दिवस राहा, मग फोटो काढा' या सल्ल्यावर माझा निम्माच विश्वास आहे.

आता आपल्या काळात येऊ. २००६ साल आठवतंय? विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या देशभर गाजत होत्या. जून संपता संपता पंतप्रधान मनमोहनसिंग आले आणि १ जुलैला सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या वर्षी आणि पुढची दोन-तीन वर्षं दिल्ली-मुंबईचे, परदेशातलेही पत्रकार नागपूर विमानतळावर उतरायचे, गाडी ठरवायचे आणि वर्धा-यवतमाळकडे निघायचे. नवा दौराच तो. संध्याकाळपर्यंत परत. आणि फोटो? डोळे मिटले तरी दिसेल इतका तो आपल्या ओळखीचा झालाय. डोक्यावर पदर घेतलेली बाई, मागे मातीची भिंत, मांडीवर नवऱ्याचा फ्रेम केलेला फोटो, बाजूला मुलं.

या फोटोंना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. ते छापले गेले नसते तर सरकार हललं असतं का, मला शंका आहे. आणि यात नाव असायचं. रसेलच्या ओळीत जात होती, इथे नाव, वय, गाव, तालुका, कर्ज किती, सगळं. पण मला त्या फोटोतला आतला फोटो जास्त बघावासा वाटतो, तो फ्रेममधला.

तो फोटो कुठून आला? बहुतेक घरांत माणूस जिवंत असताना त्याचा सुटा फोटो काढलेलाच नसे. मतदार ओळखपत्र, बँकेचं पासबुक, सोसायटीच्या कर्जाचा अर्ज, कुणाच्या लग्नातला घोळक्याचा फोटो. त्यातून चेहरा उचलायचा, तालुक्याच्या स्टुडिओत द्यायचा. स्टुडिओवाला तो मोठा करणार, मागे निळं आकाश टाकणार, आणि अनेकदा अंगावर कोट-टाय चढवणार. आयुष्यात बंडीशिवाय काही न घातलेला माणूस भिंतीवर सुटाबुटात. जॉन्सन आठवला? चेहरा एकीकडचा, देखावा दुसरीकडचा. युक्ती तीच. पण जॉन्सनने ती गिऱ्हाइकाला 'नमुना' दाखवायला केली, आणि इथे घरच्यांनी पैसे देऊन आपल्या माणसाला नीटनेटकं दिसावं म्हणून करून घेतली. मला विचाराल तर त्या संबंध छायाचित्रात हा कोटवाला फोटोच काय तो त्या कुटुंबाच्या मर्जीचा होता.

आणि मर्जीचा फोटो गरीब माणूस कसा काढतो हे बघायला आपल्याला लांब जायला नको. दीक्षाभूमीवर जा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. दसऱ्याला गावोगावचे लाखो लोक येतात, आणि कुटुंबच्या कुटुंबं स्तूप मागे घेऊन फोटो काढतात. आजी पुढे बसणार, पांढरी साडी, पोरं कडेला, सगळ्यांची नजर सरळ कॅमेऱ्यात. कुणी दळत नाही, कुणी कांडत नाही, ओझं वाहत नाही. रसेलच्या चौथ्या खंडात सूत गुंडाळण्याचे, ताण्याला खळ लावण्याचे फोटो आहेत. नागपूर भागात हे विणकाम कित्येक महार घरांचा धंदा होता, पुढे यांतले कितीतरी जण एम्प्रेस मिलमध्ये लागले. त्याच घरांची नातवंडं-पतवंडं आता कॅमेऱ्यासमोर कशी उभी राहतात ते बघा. आपल्याला, म्हणजे एसएलआर गळ्यात अडकवून फिरणाऱ्यांना, असे सरळ उभे राहून काढलेले फोटो 'बोअर' वाटतात. आपल्याला 'कॅन्डिड' हवं असतं. कॅन्डिड म्हणजे काय, तर समोरच्याला तयार व्हायला वेळ न देता काढलेलं.

परत जात्याकडे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयटवां या दोघांनी मावळ-मुळशीच्या भागातून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. बऱ्याच ध्वनिमुद्रितही केल्या. त्या आता पी. साईनाथांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी'च्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येताहेत. मी डेटाबेसवर पोट भरणारा माणूस, म्हणून मला त्यात सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव आहे. इतकंच नाही, वीस वर्षांनी पारीची माणसं त्या गावांत परत गेली, त्या बायका शोधल्या, काही हयात होत्या, काही नव्हत्या. हयात होत्या त्यांचे फोटो काढले, पुन्हा गायला लावलं. तेच काम, तेच जातं. एकीकडे दळणारीचा चेहरा आहे आणि नाव नाही, आवाज नाही. दुसरीकडे नाव आहे, आवाज आहे, आणि चेहरा शेवटी आला. नाव हा रकाना तेव्हाही भरता आला असता. रसेलच्या कारकुनांकडे कागद होता, शाई होती, आणि बाई समोर बसलेली होती. रकाना आखलेलाच नव्हता.

हे सगळं मी फार शहाणा असल्यासारखं लिहितोय, म्हणून माझी गोष्ट सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्र पेंचला गेलो होतो. वाघ दिसला नाही (कधी दिसतो?). परतताना देवलापारच्या बाजूला एका वस्तीवर चहासाठी थांबलो. संध्याकाळचं तिरपं ऊन, शेणाने सारवलेली अंगणं, चुलीचा धूर. मी तासाभरात शे-दीडशे फोटो काढले. त्यातला एक माझा फार लाडका. एक तरुण बाई सुपात धान्य पाखडतेय, उडालेल्या कोंड्यावर मागून ऊन पडलंय. ऑफिसच्या फोटो स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं. फोटोचं नाव मी ठेवलं होतं 'सोनेरी कोंडा'. हसू नका.

रसेलची यादी केली त्या रात्री मी माझी हार्डडिस्क उघडली. फाईलचं नाव डीएससी, पुढे चार आकडे. बाईचं नाव? नाही. वस्तीचं नाव? तेही पक्कं आठवेना, गाडीच्या किलोमीटरवरून अंदाज लावला. रसेलने निदान जात लिहिली होती.

मग पुढच्या शनिवारी सीताबर्डीवर जाऊन पन्नासेक प्रिंट काढल्या आणि एकटाच निघालो. वस्ती सापडली. प्रिंट हातोहात फिरल्या, पोरांनी आपापले फोटो ओळखून पळवले. आता पोरं उंच झाली होती, त्यावरूनही हशा झाला. पाखडणारी बाई घरीच होती. तिने 'सोनेरी कोंडा' हातात घेतला, बघितला आणि बाजूला ठेवला. म्हणाली, "हे तं रोजचंच हाय भाऊ." मग खालचे फोटो चाळायला लागली. एका फोटोवर थांबली. तो मी फेकूनच देणार होतो. फोकस चुकलेला, कोपऱ्यात खाटेवर बसलेली एक म्हातारी, अर्धी धूसर, अर्धी फोटोच्या बाहेर. तिने आतून नवऱ्याला हाक मारली. दोघं बराच वेळ बघत होते.

"आमची बुढी," तो म्हणाला. "मागच्या सालीच गेली. तिचा फोटोच नाही आमच्याजोळ. आधार कार्डावरचा हाय, पण तो तिचा वाटतच नाही. हा मोठा करून भेटन का भाऊ?"

मी म्हटलं, चेहरा अर्धाच आलाय, आणि हललेला आहे.

"स्टुडिओवाला करते न बरोबर," बाई म्हणाली. "साडी हिरवी टाकजा म्हणा. तिले हिरवी आवडे."

मी बुढीचं पूर्ण नाव विचारून लिहून घेतलं, कारण फोटोखाली ते हवं होतं. मग त्या दोघांचंही लिहून घेतलं. इथे देत नाही, त्यांना तसं विचारलेलं नाही. सीताबर्डीच्या स्टुडिओवाल्याने चेहऱ्याची दुसरी बाजू पहिलीवरून उलटी करून बनवली, हिरवी साडी चढवली, मागे निळं आकाश. दोन आठवड्यांनी फ्रेम करून नेऊन दिली. त्यांनी ती देवाच्या फळीच्या बाजूला खिळा ठोकून लावली, आणि मग मला तिच्या खाली उभं करून नवऱ्याने आपल्या मोबाईलवर माझा फोटो काढला. मी जरा बाजूला बघत होतो. तो म्हणाला, "सामने पाहा न भाऊ."